मोठे टायर टाकल्यावर गाडी घासते, उंची वाढवली तरी घासते: दोष शोधायचा कसा

तक्रार दरवेळी एकाच क्रमाने येते. आधी गाडीला मोठे मॅकव्हील (अलॉय चाकं) आणि रुंद टायर बसतात. गाडी दिसायला एकदम भारी. पहिल्या आठवड्यातच वळताना किंवा गतिरोधकावर 'खर्रर्र' सुरू होतं. मग कुणीतरी सांगतं, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, गाडी वर येईल, घासणं बंद होईल. बफर पडतात, आवाज थोडा कमी होतो. आणि मग घरातली पाच माणसं बसून तुळजापूरला निघाली की फोन येतो, "दादा, मागून परत घासायलंय."

लातुरात अलाइनमेंटच्या कामात असल्यामुळे या गाड्या माझ्याकडे येतात त्या तिसऱ्या-चौथ्या दुकानानंतर. तोवर बफर बदलून जाड झालेले असतात, शॉकअप विनाकारण नवे पडलेले असतात आणि मालक वैतागलेला असतो. बहुतेक गाड्यांत कुणी एक साधी गोष्टच केलेली नसते. टायर नेमका कुठे आणि कोणत्या अवस्थेत टेकतो हे पाहिलेलंच नसतं.

गाडी उभी असताना किती उंच दिसते यावर घासणं ठरत नाही. टायरचा बाहेरचा व्यास किती, रिमचा ऑफसेट किती (म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं) आणि खड्ड्यात चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं, या तिन्हीवर ते ठरतं. उभ्या गाडीची उंची वाढवून यातलं एकही बदललं नाही, तर पैसे गेले आणि आवाज राहिला.

आवाज कधी येतो ते आधी सांगा

दुकानात आल्यावर "घासतंय" एवढंच सांगू नका. त्यात काही कळत नाही. पुढे दिलेल्यापैकी काय होतं ते आठवून या.

सपाट जागेवर, हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज येत असेल, उदाहरणार्थ घरासमोर गाडी फिरवताना, तर टायर पुढच्या बाजूला लायनरला (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागतोय, नाहीतर आतल्या बाजूला लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा स्टॅबिलायझर बारला (गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा). इथे स्प्रिंग दबलेलीच नसते. त्यामुळे बफरचा इथे काडीचा उपयोग नाही.

सरळ रस्त्यावर, मागे माणसं बसलेली आणि गतिरोधक किंवा खड्डा आला की आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा मागचा टायर फेंडरच्या (चाकावरचा बॉडीचा पत्रा) आतल्या कडेला किंवा लायनरच्या छताला टेकतोय. हा प्रश्न चाकाच्या वर जाण्याचा.

वळण आणि उंचवटा एकत्र आले की आवाज येतो, नुसत्या वळणावर नाही आणि नुसत्या खड्ड्यातही नाही. हा प्रकार मांजरसुंबा घाटात किंवा कन्नडच्या औट्रम घाटात कळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला गाडीचं वजन जातं, तिकडची स्प्रिंग दबते, चाक वळलेलंही असतं आणि तेवढ्यात रस्त्याला उंचवटा लागतो. दुकानात हा दोष सापडणं सगळ्यात अवघड. कारण लिफ्टवर गाडी उचलली की चारही चाकं खाली लोंबतात आणि सगळीकडे आरामात हात जातो. मेकॅनिक म्हणतो, "बघा ना, केवढी जागा आहे." लोंबणाऱ्या चाकाभोवतीची जागा पाहून काही ठरवायचं नसतं.

फक्त ब्रेक मारल्यावर किंवा रिव्हर्स घेताना आवाज येत असेल, तर टायरच्या मापाच्या मागे लागण्याआधी लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, बघा. बुश गेलं की चाक पुढे-मागे सरकतं. मूळ टायरला भोवती भरपूर जागा होती म्हणून ते लपून राहिलं. मोठा टायर आला, जागा कमी झाली आणि जुना दोष बाहेर पडला.

चाकाच्या फेऱ्याबरोबर 'टिक टिक' होत असेल तर ते घासणं वेगळं. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन ब्रेक कॅलिपरला लागतंय का ते पाहा. डिस्कच्या मागचा पातळ पत्रा वाकला तरी बारीक सलग आवाज येतो आणि तो हाताने सरळ होतो. यासाठी हजारो रुपये मोजू नका.

पावसाळ्यातलं घासणं

हा आपल्याकडचा खास प्रकार आहे, म्हणून वेगळा सांगतो. उन्हाळाभर गाडी ठीक, आणि मृग लागला की आवाज सुरू. मालकाला वाटतं स्प्रिंग बसली, म्हणजे कायमची दबली.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. शेताच्या पाणंद रस्त्याने गाडी एकदा गेली की चिखलाचा थर लायनरच्या छताला, शॉकअपच्या खालच्या वाटीवर आणि फेंडरच्या आत वळलेल्या कडेमागे बसतो. मूळ टायरभोवती दोन-तीन बोटं जागा असते, तिथे हा थर राहून जातो आणि वाळून पडतो. मोठ्या टायरने ती जागा एका बोटावर आणलेली असते. त्यात चिखल भरला आणि दोन दिवस ऊन पडलं की तो विटेसारखा कडक होतो आणि टायर त्याच्यावर घासत राहतो.

परभणीकडची एक हॅचबॅक अशीच आली होती. चार बफर, पुढे नवे शॉकअप, तरीही आवाज. पुढचं डावं चाक काढलं तर लायनरच्या मागच्या भागात, मडफ्लॅपच्या वर, तळहाताएवढा काळा गोळा बसलेला. त्याचा पुढचा पृष्ठभाग टायरने घासून गुळगुळीत चकचकीत केलेला आणि त्यावर टायरच्या नक्षीच्या बारीक रेघा. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरला तेव्हा आत वाळलेलं गवत आणि सोयाबीनच्या शेंगेची टरफलं निघाली. लायनरच्या दोन क्लिपा त्या वजनाने निसटल्या होत्या, म्हणून प्लॅस्टिकही पुढे आलं होतं. माती काढून क्लिपा बसवल्यावर आवाज गेला. त्या गाडीला टायर मोठेच होते, पण तो दोष दुय्यम निघाला.

हाच चिखल रिमच्या आतल्या पोकळीत वाळला की ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगला नेण्याआधी चाकाची आतली बाजू पाण्याच्या जोराने धुवा. मातीसकट बॅलन्सिंग केलं, तर माती पडल्या दिवशी ते बॅलन्सिंगही बिघडणार.

खूण शोधायची पद्धत

टायर जिथे टेकतो तिथे खूण सोडतोच. लायनरचं प्लॅस्टिक खरबरीत असतं. घासलेल्या जागी ते काळं आणि गुळगुळीत होतं आणि बोट फिरवलं की रबराची भुकटी लागते. टायरच्या खांद्यावर पूर्ण गोल फिरलेली एक बारीक रेघ दिसली तर ती पत्र्याच्या कडेची खूण. ही सगळ्यात धोक्याची, कारण पत्रा रबर कापतो. अशी रेघ नखाला लागण्याइतकी खोल असेल तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

खूण पुसट असेल तर चुना वापरा. पानाच्या टपरीवर मिळतो तोच. लायनरच्या छताला, पुढच्या-मागच्या वळणाला आणि फेंडरच्या आतल्या कडेला पातळ हात मारा, वाळू द्या आणि मग गाडी चालवून आणा. जिथला चुना गेला तिथे टायर टेकला. बाहेरच्या रंगावर चुना लागू देऊ नका, लागला तर लगेच धुवा.

चालवून आणायचं म्हणजे मोकळी गाडी नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे, किंवा तुमचा रोजचा जो काही भार असेल तो. त्याशिवाय एक चाचणी उभ्यानेच होते. पुढचं एक चाक हळूहळू पक्क्या, रुंद ठोकळ्यावर चढवा, त्या कोपऱ्याची स्प्रिंग दबेल, मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दुसरा माणूस बाजूला उभा राहून टॉर्चने बघेल. बोटं आत घालायची नाहीत आणि गाडीखाली जायचं नाही. घाटात होणारी गोष्ट अशी दुकानाच्या दारात दिसते.

आता मापाचं गणित

टायरवर १८५/६५ आर १५ लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. बाहेरचा व्यास काढायचा तर रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात दोन भिंती मिळवायच्या. ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मिमी. स्विफ्ट, डिझायरच्या वरच्या व्हेरियंटला हेच माप येतं आणि खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४. त्याचा व्यास काढून बघा, ६१९.६ मिमी. रिम एक इंचाने वेगळी, पण कंपनीने व्यास जवळजवळ तोच ठेवला. मोठं चाक बसवण्याचा खरा नियम कंपनीनेच असा दाखवून दिलाय.

त्याच गाडीला १६ ची रिम हवी असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास येतो ६२०.९. म्हणजे मूळएवढाच. २०५/५५ आर १६ चा ६३१.९, म्हणजे साधारण पावणेदोन टक्के जास्त. हाही बऱ्याच गाड्यांत जमून जातो. पण दुकानात "थोडा भरदार दिसतो" म्हणून २०५/६० आर १६ दिला जातो, त्याचा व्यास ६५२.४. मूळपेक्षा ३१ मिमी जास्त. चाक चारही बाजूंनी साडेपंधरा मिमीने वाढलं. जमिनीपासूनची उंची तेवढी वाढते ही चांगली बाजू, आणि लायनर तेवढंच जवळ येतं ही वाईट बाजू.

याच पाच टक्क्यांमुळे मीटरही चुकतो. मीटर आधी अचूक होता असं धरलं तर १०० दाखवताना गाडी १०५ ने चाललेली असते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे ११५ वर निवांत आहोत असं समजणारा माणूस मर्यादा ओलांडून बसलेला असतो. आणि "मोठे टायर टाकल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं" ही जी ओरड असते, त्यातला काही भाग एवढाच, की मीटर किलोमीटरच कमी मोजतोय. उरलेला भाग खरा आहे, चाक जड झालंय.

भाराचा आकडाही बघायचा असतो आणि तो कुणी बघत नाही. मापाच्या पुढे ८८ एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. कमी भिंतीच्या टायरमध्ये हा आकडा खाली येऊ शकतो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा घेऊ नका, विशेषतः मोंढ्यात माल नेणाऱ्या गाडीला.

ऑफसेट: घासण्याचं अर्धं कारण इथे असतं

रिमच्या आतल्या बाजूला ईटी ४५, ईटी ३५ असं ओतलेलं असतं. रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्याच्यावर आवळतात तो भाग) टेकणाऱ्या पृष्ठभागाचं ते अंतर, मिमीमध्ये. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं.

मूळ चाक ईटी ४५ वर १८५ चा टायर असं धरू. नवीन चाक ईटी ३५ वर २०५ चा टायर. ऑफसेटमुळे चाक १० मिमी बाहेर आलं. टायर २० मिमी रुंद, म्हणजे दोन्हीकडे १०-१०. हिशोब केला तर आतली भिंत जिथल्या तिथे आणि बाहेरची भिंत २० मिमी बाहेर. अशी गाडी आतल्या बाजूला कधीच घासणार नाही, ती फेंडरच्या कडेलाच मारणार. रिम जास्त रुंद घेतली तर आणखी भर पडते. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायरची फुगवट साधारण ५ मिमीने वाढते.

त्यामुळे उलटा उपायही लोक करतात. आत शॉकअपच्या वाटीला घासत असेल तर हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून चाक बाहेर घेतात आणि मग ते बाहेर घासतं. स्पेसर हा फक्त आतल्या घासण्याचा उपाय आहे, तोही हबवर नेमका बसणारा आणि नटाला पुरेसे आटे शिल्लक ठेवणारा असेल तर. नट दोन-तीन आट्यांवर टिकलेला असेल तर तो स्पेसर लगेच काढून ठेवा.

पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळत नसेल तर चाक बसतच नाही, मग फसवणूक होण्याचा प्रश्न येत नाही. फसतो तो जवळच्या मापात. जुन्या फियाटचं ४ बाय ९८ आणि मारुतीच्या छोट्या गाड्यांचं ४ बाय १०० हे डोळ्यांना सारखंच दिसतं. ओढून ताणून नट आवळला की बसल्यासारखं वाटतं, पण चाक मध्यावर नसतं. हबचं भोक मोठं असलेली रिम असेल तर मधली प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग मागून घ्या. ती नसेल तर हायवेवर थरथर येते आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही.

बफर टाकून घासणं का जात नाही

चाक वर जातं तेव्हा त्याला शेवटी अडवणारी वस्तू म्हणजे बंप स्टॉपर. शॉकअपच्या दांड्यावर बसलेला रबराचा किंवा फोमचा तुकडा. गाडी खड्ड्यात पूर्ण आदळली की चाक या स्टॉपरपर्यंत जातं. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बफर घातला की उभी गाडी एक-दीड सेंटीमीटर वर येते आणि स्प्रिंग कडक होते. लहान खड्ड्यात चाक कमी उचललं जातं, म्हणून आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. पण स्टॉपर होता तिथेच आहे. गाडी भरली आणि मोठा दणका बसला की चाक पूर्वीच्याच जागी पोचतं आणि पूर्वीच्याच कडेला लागतं. वर स्प्रिंगच्या एकाच वेढ्यावर सगळा ताण येतो, म्हणून बफरवाल्या गाडीची स्प्रिंग कधी कधी त्याच जागी तुटलेली सापडते.

शॉकअपच्या माथ्यावर, बॉडी आणि माउंटिंगच्या मध्ये जो स्पेसर बसतो त्याचं काम वेगळं. अख्खा शॉकअपच खाली सरकतो, त्याच्याबरोबर स्टॉपरही खाली येतो. म्हणून चाकाचं वर जाणं खरोखर कमी होतं. घासण्यावर उपाय म्हणून उंची वाढवायचीच असेल तर पुढच्या बाजूला हा प्रकार चालतो. पण चाक लोंबतं तेव्हा तेही तेवढंच जास्त खाली जातं. ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट जास्त कोनात फिरतो, बॉल जॉइंट आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. साध्या कारला २० मिमीच्या वर मी बसवून देत नाही. त्यापुढे शाफ्टचे बूट (जॉइंटवरची रबरी टोपणं) फाटून ग्रीस उडालेल्या गाड्या बघायची हौस नाही.

मागे बहुतेक छोट्या गाड्यांना आडवा बीम असतो. तिथे स्प्रिंगखाली पॅड टाकतात आणि स्टॉपर वेगळा राहतो, म्हणजे पुन्हा तेच. मागच्या घासण्याला स्टॉपर बघा. जुन्या गाडीत फोम झिजून, चुरा होऊन पडलेला असतो. "गेल्या वर्षीपर्यंत याच टायरवर घासत नव्हतं, आता घासायलंय" असं कुणी म्हटलं की मी आधी तिथे हात घालतो. नवा स्टॉपर बफरच्या सेटपेक्षा स्वस्त येतो.

बोलेरोसारख्या गाडीचं थोडं निराळं. मागे पाटे असतात, लोक एक पाटा वाढवतात. गाडी वर येते, मोकळी असताना पाठ मोडते. पण मागच्या एक्सलचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) पाटा वाढवल्याने वर येत नाही, कारण तो एक्सलवरच बसलाय. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यात मधला उंचवटा त्यालाच लागतो. तो वर उचलायचा एकच मार्ग, टायरचा व्यास. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७०३.५ वरून ७३३.५ होतो आणि डिफरन्शियलखाली १५ मिमी मिळतात. एवढ्या १५ मिमीसाठी पाच टायरचा खर्च करायचा का, ते ज्याचं त्याने बघावं.

मग करायचं काय

मातीपासून सुरुवात करा, क्लिपा बसवा, हवा तपासा. हवा थंड टायरला, सकाळी, आणि गाडी भरणार असेल तर दरवाज्याच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा. कमी हवेचा टायर बाजूला फुगतो आणि तेवढ्यानेही घासतो.

लायनरच्या वळणाला पूर्ण स्टेअरिंगवर थोडंसं लागत असेल तर लायनर गरम करून मागे दाबता येतो, किंवा एखाद्या क्लिपची जागा बदलता येते. लायनर कापून टाकू नका. त्याच्या मागे वायरिंग आणि बॉडीचा पत्रा असतो, आणि आपल्या रस्त्यावरची खडी तिथे थेट जाऊन बसते. मागच्या फेंडरची आत वळलेली कड रोल करून चपटी करता येते. हे काम रंग गरम करून, हळू, यंत्राने करणाऱ्याकडेच द्या. हातोडीने केलं की रंगाला तडा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज. जीपच्या जातीच्या काही गाड्यांना नकलवर (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो भाग) स्टॉपर बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढला की चाक कमी वळतं. घासणं जातं, पण गल्लीत गाडी वळवायला एक फेरा जास्त लागतो.

एवढं करूनही लोड असताना घासतंच असेल तर टायर एक माप खाली आणा. ६० ची भिंत ५५ करा. रिम तीच राहते, २० मिमी व्यास कमी होतो आणि गाडीच्या बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. निम्मे वापरलेले टायर विकून नवीन घेणं जिवावर येतं हे मान्य. पण बफर, शॉकअप आणि दरवेळच्या अलाइनमेंटची बिलं एकत्र ठेवून बघा.

उंची किती ठेवावी

मराठवाड्यात गाडी खाली करू नका. मला विचारलं तर एवढंच उत्तर. गतिरोधक कसा असावा याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८ चा नमुना (आयआरसी ९९) असा होता: ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलाईदार. गावच्या वेशीवर रात्रीतून उगवणारा गतिरोधक उंचीला तेवढा किंवा जास्त असतो आणि रुंदीला हातभर. खाली केलेल्या गाडीचा पोटाचा पत्रा त्याच्यावर टेकणारच.

वर करायची असेल तर आधी आहे ती उंची मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा फसवतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही कोपरे, गाडी सपाट जागेवर आणि मोकळी. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरच्या वर फरक आला तर एक स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. मग रोजच्या भाराने पुन्हा मोजा. कंपनीचा जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा, स्विफ्टचा १६३ मिमी, बोलेरोचा १८०, हा जाहिरातीतला. तुमच्या कामाचा आकडा भरल्या गाडीचा. बऱ्याचदा असं निघतं की गाडी कमी उंच नाही, मागच्या स्प्रिंग बसल्यात. नव्या मूळ स्प्रिंग टाकल्या की हरवलेली उंची परत येते आणि बाकी भूमिती बिघडत नाही.

भिंत जास्त बारीक करून रिम मोठी करणं हाही उंचीशी जोडलेलाच विषय. १८५/६५ ची भिंत १२० मिमी, २१५/४५ आर १७ ची ९७. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही आणि एवढ्या कमी रबरावर तो थेट रिमला लागतो. टायरला बाजूने फुगा येतो, रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाल्याने काहीही सांगितलं तरी.

उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर तिरकं असणं, बदलतो, म्हणून अलाइनमेंट लागतेच. लगेच करू नका, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून स्प्रिंग जागेवर बसू द्या. नट मात्र पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. आणि हेडलाइट. पुढून गाडी वर आली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हेडलाइट खाली घ्यायला फार तर दहा मिनिटं लागतात, तरी कुणी करत नाही.

कायद्याचं आणि स्टेपनीचं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याच्या दाव्यात सर्व्हेअर हाच मुद्दा काढतो. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जे चाक दिलंय तिथपर्यंत जाणं सगळ्यात बिनघोर. फेंडरच्या बाहेर आलेलं चाक आरटीओला लांबूनच दिसतं, मागच्या गाड्यांवर खडी उडते ती वेगळीच.

रिम घेताना बिलावर रुंदी, ईटी आणि टायरचं पूर्ण माप लिहून घ्या. पुढे घासलं तर बोलायला कागद असतो.

स्टेपनी बहुतेकांची जुनीच राहते, लोखंडी डिस्कवर मूळ मापाची. ६५२ च्या शेजारी ६२१ चं चाक पुढच्या एक्सलला लावून लांब जायचं नाही, जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू न्यायचं. मॅकव्हीलचे नट आणि लोखंडी डिस्कचे नट बऱ्याचदा वेगळे असतात, बसण्याची कड जुळत नाही. जुने नट दुकानात सोडून येऊ नका, पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा, आणि मॅकव्हीलच्या नटाला बसणारा पाना गाडीत आहे का तेही त्याच वेळी लावून बघा.